प्रभू येणार, मग बटाटे खणायचे की नाही?

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात ‘बेथ सारिम’ नावाची एक हवेली आहे. स्पॅनिश धाटणीची, ऐसपैस, दोन मोटारी मावतील अशा गॅरेजची. १९२९ साली ती बांधली गेली. तिच्या दस्तात पुढच्या ताबेदारांची म्हणून जी नावं घातली, त्यांत दावीद, गिदोन, बाराक, शमशोन, शमुवेल अशी मंडळी होती. जुन्या करारातले हे पुरुष मातीत जाऊन तीनेक हजार वर्षं झाली. ते मेलेल्यांतून उठून येईपर्यंत घर वापरायचं होतं जोसेफ रदरफर्ड यांनी, म्हणजे यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी. अब्राहाम, इसहाक आणि याकोब १९२५ साली परत येतील, असं रदरफर्ड यांनी १९२० च्या एका पुस्तिकेत छापलं होतं. १९२५ सरलं, कोणी आलं नाही, तरी घर मात्र त्यानंतर बांधलं. रदरफर्ड १९४२ मध्ये त्याच घरात वारले आणि १९४८ मध्ये ते विकलं गेलं. गॅरेज नक्की कोणत्या राजासाठी, या प्रश्नावर त्या काळच्या पत्रकारांनी भरपूर करमणूक करून घेतली.

हसायला काहीच हरकत नाही. पण या हवेलीच्या मागे जो प्रश्न आहे तो पहिल्या शतकापासून ख्रिस्ती माणसाच्या मानेवर बसलेला आहे. ख्रिस्त पुन्हा येणार आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करणार, ही कबुली निकीयाच्या ३२५ सालच्या परिषदेनं मतांगीकारात घातली. कॅथलिक असो, प्रोटेस्टंट असो, ऑर्थोडॉक्स असो, ती सगळ्यांच्या तोंडी असते. रविवारी ती म्हणून झाली की सोमवार उगवतो. शेत पेरायचं का? मुलीचं लग्न ठरवायचं का? कर्ज फेडायचं की कशाला फेडायचं? प्रभूच्या येण्याची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं, याची उत्तरं दोन हजार वर्षांत लोकांनी प्रवचनांतून दिली तितकीच घरादाराच्या आणि पैशाअडक्याच्या व्यवहारातूनही दिली आहेत. या आढाव्यात भर दुसऱ्या प्रकारच्या उत्तरांवर आहे, कारण ती लपवता येत नाहीत.

मूळ आधार मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या अध्यायांचा. तिथे येशू स्वच्छ सांगतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. एवढं सांगून झाल्यावर तो गोष्टींवर गोष्टी सांगतो. रात्री येणारा चोर, धन्याच्या गैरहजेरीत चाकरांना मारणारा कारभारी, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी, धन्यानं सोपवलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणारा नोकर, आणि शेवटी मेंढरं व शेरडं वेगळी करणारा राजा.

दहा कुमारींच्या गोष्टीवर हजारो उपदेश झाले असतील. त्यातली एक बारीक गोष्ट बहुतेक वेळा सुटते: वराला उशीर होतो तेव्हा दहाच्या दहा जणी झोपतात. शहाण्या पाचसुद्धा. त्यांच्यात आणि मूर्ख पाच जणींत फरक जागण्याचा नाही, कुपीतल्या तेलाचा आहे. न्यायाच्या गोष्टीत तर आणखी गंमत आहे. भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना, परक्याला घरात घेणाऱ्यांना, तुरुंगात भेटायला जाणाऱ्यांना आपण राजाची सेवा करत होतो हे माहीतच नव्हतं. तयार होते ते तयारी म्हणून काही करत नव्हते.

पहिल्याच पिढीत यावरून घोळ झाला. पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र इसवी सन ५० च्या आसपासचं, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक. तिथल्या मंडळीला काळजी होती ती आपल्यातल्या मेलेल्यांची: प्रभू येण्याआधीच जे गेले त्यांचं काय? पौल धीर देतो. त्याच मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र आहे. ते खुद्द पौलाचं की त्याच्या शिष्याचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्यात सूर चढलेला आहे. काही जण कामधंदा सोडून इतरांच्या भानगडीत नाक खुपसत हिंडत होते. प्रभू आता येणारच, मग राबायचं कशाला, असा त्यांचा हिशेब असावा असं बरेच भाष्यकार मानतात. त्यांना पत्रकर्ता जे बजावतो त्याचं सार असं, की जो काम करणार नाही त्यानं जेवणाचीही अपेक्षा धरू नये.

दुसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजिया प्रांतात मोंतानस आणि त्याच्याबरोबरच्या दोन स्त्री-संदेष्ट्यांनी नवं यरुशलेम पेपुझा नावाच्या गावी उतरेल असं जाहीर केलं. तेर्तुल्लियनसारखा बुद्धिमान लेखकही पुढे या चळवळीकडे ओढला गेला. पाचव्या शतकात ऑगस्टीननं ‘देवाचं नगर’ या ग्रंथात बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ चर्चच्या चालू काळाशी जोडला आणि मुख्य प्रवाहातल्या चर्चनं सुटकेचा श्वास सोडला. तेव्हापासून कॅथलिक तयारीला ठरावीक घडी आली: पापनिवेदन, प्रायश्चित्त, संस्कार, चांगलं मरण. जगाचा शेवट कधी का होईना, प्रत्येकाचा आपापला शेवट जवळच आहे, हा त्यातला व्यवहार.

घडी बसवली तरी मधूनमधून उकळी फुटतच राहिली. १५३४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहराचा ताबा घेणाऱ्या ॲनाबॅप्टिस्टांचा पुढारी यान मातिस हा हार्लेमचा एक बेकरीवाला. त्यानं प्रभूच्या येण्यासाठी ईस्टरचा मुहूर्त धरला. त्या दिवशी मूठभर माणसं घेऊन तो शहराला पडलेल्या वेढ्याबाहेर पडला आणि मारला गेला. पुढच्या वर्षी शहर पडलं. मारलेल्या म्होरक्यांची प्रेतं ज्या तीन लोखंडी पिंजऱ्यांत लटकवली, ते पिंजरे संत लँबर्टच्या मनोऱ्यावर आजही आहेत. न्यूटननंही बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या आकड्यांवर बराच कागद खर्च केला. त्याच्या एका टिपणात २०६० हे साल येतं, पण त्याआधी शेवट होणार नाही अशा अर्थानं. ऊठसूट तारखा देऊन धर्मग्रंथाचं हसं करणाऱ्यांना आळा बसावा, हा हेतू त्यानं तिथेच नोंदवला आहे.

एक प्रसंग मात्र तपशिलात सांगण्याजोगा. १९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात भर दुपारी अंधारून आलं. दूरच्या वणव्यांचा धूर आणि ढग हे कारण आज सांगितलं जातं, पण तेव्हा कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि माणसं प्रार्थनामंदिराकडे धावली. कनेक्टिकटच्या विधिमंडळाची बैठक चालू होती. न्यायाचा दिवस आला, सभा तहकूब करा, असा गलका झाला. अब्राहम डॅव्हनपोर्ट नावाचे एक सदस्य उठले. त्यांचं म्हणणं असं: आज तो दिवस नसेल तर सभा मोडायचं कारण नाही, आणि असेल तर मी माझं काम करताना सापडावं, तेव्हा मेणबत्त्या मागवा. मार्टिन लूथरच्या नावावर असंच एक वाक्य व्यासपीठांवरून खपत असतं, उद्या जग बुडणार असलं तरी आज सफरचंदाचं झाड लावीन अशा आशयाचं. लूथरच्या लिखाणात ते कुठेच सापडत नाही. त्याचा सर्वांत जुना कागद १९४४ चा आहे. उपदेशकांनी डॅव्हनपोर्टचं उदाहरण द्यावं, ते निदान खरं आहे.

तारखांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी तारीख म्हणजे २२ ऑक्टोबर १८४४. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्याच्या सीमेवरचा शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला. आधी संशयवादी, मग बॅप्टिस्ट. हाताशी बायबल आणि शब्दसूची, एवढ्या भांडवलावर त्यानं दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांचा अर्थ २३०० वर्षं असा लावला. इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजायला सुरुवात केली आणि १८४३ वर येऊन थांबला. १८३१ पासून तो हे जाहीरपणे सांगू लागला. जोशुआ हाइम्स नावाचा बोस्टनचा उत्साही पाळक भेटल्यावर त्याला वर्तमानपत्र मिळालं, भलामोठा तंबू मिळाला. अनुयायांचे अंदाज पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत जातात. मिलर स्वतः नेमका दिवस सांगायला कचरत होता. १८४३ चा हिशेब चुकल्यावर २२ ऑक्टोबर १८४४ काढला सॅम्युएल स्नो या अनुयायानं, आणि मिलरनं तो अगदी शेवटच्या पंधरवड्यात मान्य केला.

त्या पंधरवड्यात लोकांनी काय केलं हे बघण्यासारखं आहे. बऱ्याच जणांनी देणी चुकती केली, जुनी भांडणं मिटवली, फसवून घेतलेला पैसा परत केला. फिलाडेल्फियात एका शिंप्यानं राजांचा राजा येतोय म्हणून दुकान बंद असल्याची पाटी लावली. काहींनी उभं पीक शेतात तसंच ठेवलं. कापलं तर आपला विश्वास कच्चा ठरेल अशी भीती. पांढरे झगे घालून माणसं टेकड्यांवर चढली ही गोष्ट मात्र दंतकथा आहे. ती विरोधकांनी पिकवली आणि नंतरच्या इतिहासकारांनी उकरून पाहिली तेव्हा तिला पुरावा मिळाला नाही.

रात्र सरली. सकाळी शेजारी कुंपणावरून विचारू लागले, अजून इथेच का? या दिवसाला इतिहासात ‘महानिराशा’ असंच नाव पडलं आहे. हाइम्सनं ताबडतोब, ज्यांच्याकडे खायला उरलं नव्हतं त्यांच्या मदतीची व्यवस्था सुरू केली, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. न्यू हॅम्पशायरच्या लेनर्ड हेस्टिंग्ज या शेतकऱ्याची एक कथा ॲडव्हेंटिस्ट परंपरेत आवडीनं सांगतात. त्यानं बटाटे खणलेच नव्हते. त्या वर्षी लवकर काढलेले बटाटे बुरशीनं सडले, आणि याचे उशिरा निघालेले बटाटे ठणठणीत राहिले. देवाचा न्याय म्हणा किंवा बुरशीचा.

यापुढची कलाटणी अधिक बोलकी आहे. निराश झालेल्यांतल्या एका गटानं १८६३ मध्ये मिशिगनच्या बॅटल क्रीक गावी सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना केली. ख्रिस्त लवकर येणार यावर त्यांचा विश्वास कायम, पण तारीख बाद. मग तोवर काय? शरीर नीट ठेवायचं, दारू-तंबाखू सोडायची, दवाखाने आणि शाळा काढायच्या. बॅटल क्रीकच्याच आरोग्यधामात केलॉग बंधूंनी कॉर्नफ्लेक्स तयार केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कॅलिफोर्नियातले ॲडव्हेंटिस्ट पुरुष इतर कॅलिफोर्नियावासी पुरुषांपेक्षा सरासरी सात वर्षं जास्त जगतात असं दिसलं. जगाचा शेवट उंबरठ्यावर आला असं मानणारी माणसं म्हातारपणाची सगळ्यात चांगली बेगमी करून बसली! पुण्यातल्या वाचकांना हे चर्च परकं नाही. १९१५ मध्ये कोइंबतूरला सुरू झालेलं त्यांचं स्पायसर महाविद्यालय १९४२ पासून पुण्यात आहे.

मिलरनं सारं प्रांजळपणे केलं. पुढच्या प्रत्येकाबद्दल तसं म्हणता येत नाही. दक्षिण कोरियात ली जांग-रिम या धर्मोपदेशकानं २८ ऑक्टोबर १९९२ च्या मध्यरात्री विश्वासणारे आकाशात उचलले जातील असं सांगितलं. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, पैसा मंडळीला दिला. महिनाभर आधी पोलिसांनी ली याला फसवणुकीच्या आरोपाखाली पकडलं तेव्हा त्याच्या नावे रोखे निघाले. त्यांची मुदत होती १९९३ ची. लोकांना ऑक्टोबरची तारीख आणि स्वतःला पुढच्या वर्षीचं व्याज. न्यायालयानं त्याला तुरुंगात पाठवलं.

अमेरिकेतला हॅरोल्ड कॅम्पिंग वेगळ्या जातीचा होता. ८९ वर्षांचा, फॅमिली रेडिओचा सर्वेसर्वा. १९९४ चा अंदाज चुकल्यावर त्यानं २१ मे २०११ हा दिवस दिला. त्या जाहिरातींसाठी न्यूयॉर्कच्या एका निवृत्त कर्मचाऱ्यानं आयुष्यभराच्या शिलकीतले एक लाख चाळीस हजार डॉलर ओतले आणि त्या संध्याकाळी तो टाइम्स स्क्वेअरवर घड्याळाकडे बघत उभा राहिला. कॅम्पिंगनं मग २१ ऑक्टोबर दिला. तोही गेल्यावर, २०१२ मध्ये, तारीख काढणं हेच पाप होतं असं त्यानं लिहून दिलं. त्या माणसाचे पैसे परत आले नाहीत.

या सगळ्याचं टोक केनियात दिसलं. २०२३ मध्ये किलिफी जिल्ह्यातल्या शाकाहोला जंगलातून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. ख्रिस्ताला भेटण्यासाठी उपाशी राहून मरा, अशी शिकवण दिल्याचा आरोप पॉल मॅकेन्झी या धर्मोपदेशकावर आहे. त्यानं आरोप नाकारले आहेत. मेलेल्यांत लहान मुलं मोठ्या संख्येनं होती, आणि त्यांना कोणीही काही विचारलं नव्हतं.

येत्या प्रभूच्या ओढीनं माणसं महाराष्ट्रातही आली. आल्बर्ट सिम्पसन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत ज्या अलायन्स मिशनची पायाभरणी केली, तिच्या चार सूत्रांपैकी चौथं होतं ‘येणारा राजा ख्रिस्त’. सर्व राष्ट्रांना सुवार्ता पोचली की शेवट येईल, हे मत्तयातलं विधान सिम्पसन अक्षरशः घेत. म्हणजे सुवार्ता लवकर पोचवणं ही राजाला लवकर आणण्याची खटपट. त्या घाईनं त्यांची माणसं वऱ्हाड-खानदेशात उतरली, अकोल्याला ठाण मांडलं. आल्यावर घाईचं काय झालं? दुष्काळ समोर आला, अनाथ मुलं समोर आली. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी १९०० मध्ये हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. राजा यायच्या आत आटपायचं काम पिढ्यानपिढ्यांचं होऊन बसलं.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनमध्ये मोठं संजीवन झालं. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत. जगभरच्या पेंटेकॉस्टल मंडळींनी अशा संजीवनांकडे प्रभूच्या येण्याआधीचा शेवटचा पाऊस म्हणून पाहिलं. खुद्द केडगावात मात्र विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना चालूच राहिला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, संपूर्ण बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या, आणि मुक्तीतल्याच स्त्रिया त्याचे खिळे जुळवत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं. वाट पाहणं आणि लांबचं काम हाती घेणं यांत विरोध नाही, याला याहून ठोस मराठी पुरावा मिळणं कठीण.

आजची मराठी मंडळी वर्षातून दोनदा तरी या विषयाला हात घालतात. कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जांभळा झगा, पहिली मेणबत्ती, आणि शुभवर्तमानाचं वाचन सावध राहा याच अर्थाचं. वसईत त्या वेळी घरोघरी नाताळच्या खरेदीची आणि फराळाची चर्चा चालू असते. गोठ्यातल्या बाळाच्या तयारीत येणाऱ्या न्यायाधीशाची तयारी हरवते, ही फादर लोकांची जुनी तक्रार. मेथडिस्ट आणि उत्तर भारतीय चर्चच्या मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना असते. ती प्रथा अठराव्या शतकात मोरेव्हियन मंडळीकडून जॉन वेस्लीनं उचलली. बारा वाजेपर्यंत पश्चात्ताप, बारानंतर केक.

हा फक्त घरगुती प्रश्न असता तर एवढ्यावर थांबता आलं असतं. प्यू संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३९ टक्के प्रौढांनी आपण अंत्यकाळात जगतो आहोत असं सांगितलं. येशू आपल्या हयातीत नक्की किंवा बहुधा येईल असं म्हणणारे मात्र फक्त १० टक्के. या दोन आकड्यांतली दरी खूप सांगते. बार्कर आणि बेअर्स या दोन राज्यशास्त्रज्ञांच्या २०१३ च्या अभ्यासात, ख्रिस्त परत येणार असं मानणारे अमेरिकन हवामानबदलावर आज पैसा खर्च करायला कमी राजी आढळले. पुढच्या पिढ्याच नसतील तर त्यांच्यासाठी झीज कशाला सोसायची, असा तो तर्क. हाच तर्क राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे मंत्री जेम्स वॉट यांच्या माथी मारला गेला, पण त्यांची १९८१ ची साक्ष उलटी आहे. प्रभू येईपर्यंत किती पिढ्या जातील ठाऊक नाही, म्हणून त्यांना पुरेल असं राखून ठेवलं पाहिजे, असं ते म्हणाले होते. वॉट यांची धोरणं कोणाला पटोत न पटोत, हे वाक्य मत्तयाशी सुसंगत आहे.

एवढं सगळं पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. प्रभूच्या येण्याच्या अपेक्षेनं लोकांचं नुकसान केलं नाही, उलट पुष्कळ इस्पितळं, शाळा आणि भाषांतरं तिच्या पोटी जन्मली. नुकसान केलं ते तारखेनं, आणि त्यातही दुसऱ्याच्या हाती असलेल्या तारखेनं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाची तारीख टिकटॉकवरून जगभर फिरली. पुढची एखाद्या मराठी व्हॉट्सॲप गटातही येईल. ती आपल्या मंडळीत घेऊन कोणी उभा राहिला, तर वाचकांनी त्याच्याशी दानीएलाच्या आकड्यांवरून वाद घालत बसू नये. त्याच्या स्वतःच्या मुदत ठेवी कधी पिकतात, एवढंच विचारावं.